पाखाडीवर गेट बसलं – गावात जमीन घेऊन येणाऱ्या नव्या लोकांबद्दल बोलायचंय

सड्याखालची_सून:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको करत होते, आज लिहूनच टाकते. गाव देवगड तालुक्यात, वर कातळाचा सडा, म्हणजे डोंगरावरचं सपाट पठार, आणि खाली आमची वाडी. गावाचं नाव देत नाही कारण विषय अजून मिटलेला नाही आणि गावातलेच लोक इथे वाचतात.

आमच्या वाडीतून देवळाकडे आणि पुढे सड्यावरच्या कलमांच्या बागेत जायला एक पाखाडी आहे, म्हणजे जांभ्या चिऱ्याची पायऱ्यांची वाट. तिसऱ्या वळणावरचा एक चिरा मधोमध खोलगट झालाय, कारण खालच्या बावीवरून (विहिरीवरून) पाणी घेऊन येणाऱ्या बायका तिथेच कळशी टेकवतात. मी १९९६ ला सून होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "हय टेकव कळशी, दम खा वायच, मगे चढ." नळ आले तरी एप्रिल-मे मध्ये आम्हाला ती बाव लागतेच.

ह्या मे महिन्यात त्या पाखाडीवर लोखंडी गेट बसलं. दोन्ही बाजूची जमीन एकाच बाहेरच्या माणसाने घेतली, दोन भावांकडून, दोघेही भाऊ मुंबईला. चिऱ्याचं कंपाउंड, कॅमेरा, पाटी – खाजगी मालमत्ता, आत येऊ नये. आता बागेत जायला डांबरी रस्त्याने वळसा घालून पाऊण तास लागतो. आंब्याच्या दिवसात डोक्यावर पेटी घेऊन कोण जाणार तेवढं, गाडीभाडं द्यावं लागलं.

आणि गेटला वरून कमान आहे. दसऱ्याला देवाची तरंगं, म्हणजे देवाच्या उंच सजवलेल्या काठ्या, ह्याच पाखाडीने वर चढतात. ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल मी काय म्हणतेय, तरंग आडवं करून नेत नाहीत, ते उभंच जातं.

हे एक झालं. बाकी गोष्टी लहान लहान आहेत पण मनाला लागतात. पावसाआधी भाजावळ केली, म्हणजे शेतात पालापाचोळा जाळून जमीन भाजली, तर धुराची तक्रार. शेजारच्या काकींचा कोंबडा पहाटे आरवतो म्हणून सरपंचांना फोन. सप्ताहातलं भजन रात्रभर कशाला म्हणून विचारणा. कुणाच्या अंगणातून गेलं तर आमच्याकडे फक्त "काय गो, खय चललंस" एवढं विचारतात, ते सुद्धा अडवायला नाही, चौकशी म्हणून. आता कुंपणाजवळ उभं राहिलं तरी आतून माणूस येतो. आमच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याने त्या दिवशी मला विचारलं, "आमच्याच वाटेसाठी आमी अर्ज करुचो?" मला उत्तर देता आलं नाही.

तुमच्या गावात काय चाललंय ते सांगा, आणि ह्यातून मार्ग काय काढलात तेही.

---

गुहागरकर:

ताई, सेम. आमच्याकडे पाखाडी नाही, समुद्राकडे जाणारी पाणंद. माडांच्या दोन बागांमधून जायची, आता एका बाजूला होमस्टे आणि दुसऱ्या बाजूला कुणाचा तरी वीकेंडचा बंगला, मध्ये साखळी. होड्या ओढायला माणसं त्याच वाटेने जायची. धागा वाचत राहतो.

---

रोखठोक_राजापूर:

कुणाला राग आला तर येऊ दे. जमीन विकली कोणी? बाहेरचा माणूस आकाशातून पडला नाही. आपल्याच माणसाने सातबारा हातात दिला, आपल्याच माणसाने दलाली खाल्ली, आपल्याच गावातल्या जेसीबीवाल्याने सडा सपाट केला. दलाल तर बहुतेक वेळा वाडीतलाच पोरगा असतो, बेकार बसलेला, एका व्यवहारात वर्षाची कमाई सुटते मग तो का नाही करणार. माझ्या गावात गेल्या काही वर्षांत जेवढे व्यवहार झाले त्यातले बहुतेक मुंबईत बसलेल्या भावकीने केलेत, गावात राहणाऱ्याला पहिली खबर खांब पुरताना लागली. गेट लावणाऱ्याला बोलायच्या आधी ते दोन भाऊ कोण त्यांना विचारा की बाबांनो विकताना पाखाडीचं काय सांगितलंत.

---

सड्याखालची_सून:

@रोखठोक_राजापूर राग नाही आला दादा. विचारलं त्यांना. थोरला म्हणाला मी वीस वर्षांत त्या पाखाडीने चाललो नाही, लक्षातच नव्हतं. धाकटा फोन उचलत नाही.

---

लालबागचा_देवगडकर:

मी त्या भावांच्या जागी होतो म्हणून लिहितोय. आमच्या सातबाऱ्यावर ३८ नावं होती, पणजोबांपासूनची. वडील गिरणीत, १९८२ च्या संपानंतर घरी बसले, तेव्हा सुद्धा त्यांनी गावची जमीन विकली नाही, गहाणही टाकली नाही. मी विकली. मुलीच्या ॲडमिशनला पैसे कमी पडत होते आणि चुलतभावाने सांगितलं की आमच्या हिश्शाचं गिऱ्हाईक आहे, सही दे, बाकी मी बघतो. कुलमुखत्यारपत्र करून दिलं आणि मोकळा झालो. आम्हाला वाटलं सामाईकातला आपला तुकडा म्हणजे कुठेतरी वरचा कातळ. घेणाऱ्याने नंतर वाटप करून घेताना रस्त्यालगतचा, बावीजवळचा भाग घेतला. त्याच्यात भात झोडायची जुनी खळी होती, ती गेली.

गेल्या वर्षी गणपतीला गेलो तर काकू बोलल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. चहा दिला आणि आत गेल्या.

विकू नका असं मी कुणाला सांगू शकत नाही, गरज असते. पण आधी घरातल्यांना विचारा, सामाईकात असाल तर सगळ्यांना एकत्र बसवून मोजणी करून घ्या, आणि विकायचंच असेल तर खरेदीखतात वाट, बाव, झाडं सगळं लिहून घ्या. आम्ही काहीच लिहिलं नाही.

---

निवृत्त_तलाठी:

सड्याखालची_सून, काही कामाच्या गोष्टी सांगतो, नीट वाचा.

गेट मे मध्ये बसलं म्हणालात. तारीख पक्की करा, फोटो असतील तर त्यावरची तारीख जपून ठेवा. शेतात-बागेत जायची वहिवाटीची वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा लावता येतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. म्हणजे तुमच्याकडे नोव्हेंबरपर्यंत वेळ आहे. लोक समजुतीने मिटेल म्हणून वाट बघतात आणि सातव्या महिन्यात येतात, मी नोकरीत असताना असे किती परत पाठवावे लागले.

दुसरं, महसूल संहितेचं कलम १४३ वेगळं आहे. ते दुसऱ्याच्या बांधावरून वाट मागण्यासाठी. तुम्हाला नवी वाट नकोय, असलेली मोकळी करून हवीय. अर्ज लिहिणारे दोन्हीची भेसळ करतात आणि मग तारखांवर तारखा पडतात.

तिसरं, अर्जात नुसती देवळाची वाट लिहू नका. कलम ५ शेतीच्या वापराशी बांधलेलं आहे. ज्यांच्या बागा सड्यावर आहेत त्यांनी स्वतःच्या गट नंबरासकट अर्जदार व्हावं. देवळाचा आणि बावीचा हक्क हा वेगळा, लागलं तर दिवाणी कोर्टात, तिथे सुविधाधिकाराचा १८८२ चा कायदा आहे, वीस वर्षं उघडपणे, हक्काने, न अडवता वापर दाखवावा लागतो. म्हाताऱ्या माणसांचे जबाब त्यासाठी आत्ताच घ्या.

चौथं आणि महत्त्वाचं. ग्रामपंचायतीत नमुना २३, म्हणजे रस्त्यांची नोंदवही, त्यात पाखाडी लागलीय का बघा. नसेल तर पाखाडीच्या दुरुस्तीला कधी सरकारी पैसा आलाय का ते शोधा. आला असेल तर अंदाजपत्रक, मोजमाप, बिल काहीतरी दप्तरात असणार. खाजगी जागेवर सरकारी पैशाने पायऱ्या बांधत नाहीत.

पाचवं, आजूबाजूच्या जमिनींची जुनी खरेदीखतं काढा. जुने लोक चतुःसीमा फार नीट लिहायचे. पूर्वेस अमक्याचा गडगा (दगडी बांध), पश्चिमेस व्हाळ (ओढा), उत्तरेस पाखाडी. त्या एका ओळीवर मी वाटा मोकळ्या झालेल्या बघितल्यात.

---

माहेर_मालवण:

काका, केवढं उपयोगी लिहिलंत. हे सेव्ह करून ठेवलं.

---

कोथरूड_ते_कोकण:

थोडं घाबरतच लिहितोय कारण ह्या धाग्यावर मी पलीकडच्या बाजूचा आहे. तीन वर्षांपूर्वी रत्नागिरी जिल्ह्यात जमीन घेतली, छोटं घर बांधलं. आजोबांच्या नावे सातारा जिल्ह्यात शेती आहे त्यामुळे शेतकरी दाखला होता, शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेऊ न देणाऱ्या कूळकायद्याच्या कलम ६३ ची अडचण आली नाही. वकिलाने सर्च रिपोर्ट दिला, सगळं क्लिअर. मी पण कंपाउंड घातलं. पुण्यात प्लॉट घेतला की पहिलं काम कंपाउंड, मला त्यात काही चुकीचं वाटलंच नाही.

पहिल्या वर्षी कुणी काही बोललं नाही. सगळे गोड बोलायचे, फणस आणून द्यायचे. मला वाटायचं आपलं छान जमलंय. दुसऱ्या वर्षी भातलावणीच्या वेळी बघितलं की चार बायका चिखलातून खालच्या अंगाने लांबून जातायत, डोक्यावर तरव्याच्या (भातरोपांच्या) मुठी. विचारलं तर म्हणाल्या, "तुमी भिंत घातलात ना." एवढंच. आवाजात राग नव्हता. वर्षभर त्या माझ्या भिंतीला वळसा घालत होत्या आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच आठवड्यात गवंडी बोलावून पाच फुटांची भिंत काढली.

माझी तुम्हा सगळ्यांना विनंती आहे, पहिल्या दिवशीच सांगा. जोत्याची आखणी चालू असताना या आणि सांगा की इथून वाट आहे, इथे राखणदार देवाला नारळ ठेवतो, ह्या आंब्याखाली होळी उभी राहते. आम्हाला कागदच वाचायची सवय आहे, कागदावर नसलेलं आम्हाला दिसत नाही. सगळेच ऐकतील असं नाही म्हणत, पण ऐकणारे पण असतात.

---

रोखठोक_राजापूर:

@कोथरूड_ते_कोकण भिंत काढलीत त्याबद्दल मनापासून आभार. पण एक सांगतो, पहिल्या दिवशी सांगायला लोक का येत नाहीत. नव्या माणसाची गाडी मोठी असते, सोबत तालुक्याचा कोणीतरी असतो, आणि आमचा माणूस उद्या त्याच्याच बांधकामावर मजुरीला जाणार असतो. तो कसा बोलेल.

---

कोथरूड_ते_कोकण:

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पटलं.

---

पेडण्याचो:

नमस्कार, मी गोव्याच्या पेडणे तालुक्यातला. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला, पण जमिनीचे भाव त्याच्या कितीतरी आधीपासून वर जायला लागले होते. तुमच्याकडे चिपीचं विमानतळ २०२१ ला सुरू झालं, आता रेवस ते रेडी सागरी महामार्ग होतोय, म्हणजे आम्ही जे बघितलं ते तुमच्याकडे यायच्या वाटेवर आहे. आमच्याकडे तर डोंगरउतार आणि शेतं सुद्धा बांधकामाच्या झोनमध्ये बदलून घेता येतात. नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) आणि ३९अ विरुद्ध लोक ग्रामसभा भरवतायत, कोर्टात जातायत. एक शिकलो ते सांगतो. ग्रामसभेला बसा. आमच्या गावात पूर्वी पंधरा माणसं यायची, आता हॉल पुरत नाही. झोन बदलायच्या आधी बोललात तर चार लोक तरी ऐकतात, नंतर फक्त कोर्ट.

---

दोडामार्ग_वार्ता:

आमच्याकडे बंगले कमी, रबर आणि अननस जास्त. केरळमधून आलेल्या लोकांनी डोंगरच्या डोंगर घेतले, जंगल तोडून रबर लावलं. ती माणसं कष्टाळू आहेत, हे मान्य करावंच लागेल, आपण वरकस (हलकी, डोंगरउताराची) म्हणून सोडलेल्या जमिनीत त्यांनी राबून उत्पन्न काढलं. पण पूर्वीच्या जंगलात शिकेकाई, कोकम, वावडिंग, गुरांना चारा, घराला वासे सगळं मिळायचं, रबरात खाली काही उगवत नाही आणि जनावर खाली वस्तीत यायला लागलं. २०१३ ला हायकोर्टाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीला बंदी घातली तरी तोड थांबलेली नाही. म्हणून विचार करताना घराचं कुंपण एवढंच धरू नका, डोंगरावर काय होतंय ते पण बघा. तुमची बाव सड्यावरच्या पाण्यावर जगते.

---

सड्याखालची_सून:

@दोडामार्ग_वार्ता हे अगदी खरं. सड्यावर पावसात जी डबकी साठतात ती आम्ही इतकी वर्षं बघतोय, ते पाणी जांभ्यातून झिरपत खाली बावीला येतं. वर प्लॉटिंगसाठी कातळ फोडून सपाट केला त्या वर्षी बावीने मार्चमध्येच तळ दाखवला. पाऊस कमी होता असंही नाही. मी भूगर्भातली जाणकार नाही पण तीस वर्षं त्याच बावीतून पाणी काढतेय.

---

शाळामास्तर:

थोडं वेगळं मांडतो. नवे लोक म्हणजे फक्त बंगलेवाले नाहीत. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट यंदा १४ आहे. त्यातली ९ मुलं नेपाळी, आंब्याच्या बागांमध्ये राखणीला असलेल्या कुटुंबांची. ती नसती तर शाळेला कुलूप कधीच लागलं असतं. आज तिसरीतली एक मुलगी वाचनाच्या तासाला उभी राहिली आणि 'ळ' म्हणताना असा काही गोड जोर दिला की वर्ग टाळ्या वाजवायला लागला. घरी नेपाळी, शाळेत मराठी, वाडीत मालवणी, तिन्ही बोलते. गावातली स्वतःची मुलं तालुक्याला इंग्रजी माध्यमात व्हॅनने जातात.

शिमग्याला गेल्या वर्षी पालखीला खांदा द्यायला माणसं कमी होती, तेव्हा ह्याच मुलांचे बाप पुढे आले. मानकऱ्यांमध्ये आधी कुजबुज झाली, मग देवाला विचारलं, कौल झाला, दिला खांदा. त्यामुळे बाहेरचा आणि आतला ही रेघ मला जन्मावरून मारता येत नाही. गावात जो राबतो, बारा महिने राहतो, तो माझ्या लेखी गावचा.

---

माहेर_मालवण:

मास्तर, शेवटचं वाचून गलबलून आलं. आमच्याकडे आचऱ्याची गावपळण तुम्हाला माहीत असेल, चार वर्षांनी एकदा तीन दिवस-तीन रात्री अख्खं गाव माणसं, गुरं, कोंबड्या घेऊन वेशीबाहेर राहतं. रामेश्वराचा कौल मिळाला की सगळे निघतात. लहानपणी आम्ही झोपडीत राहायचो, व्हाळाच्या कडेला चुली मांडायच्या, रात्री फुगड्या. हे असं काही चालायला सगळ्या घरांचा एकमेकांवर भरवसा लागतो, दारं बंद करून गाव ओस टाकायचं म्हणजे काय खेळ नाही. त्याचीच मला काळजी वाटते. ज्याचं घर वर्षातून आठ दिवस उघडतं त्याला ह्या भरवशात कसं आणायचं.

---

तुलूझहून_मी:

फ्रान्समध्ये राहते, मूळची कणकवलीची. कोंबड्याचं वाचून लिहावंसं वाटलं. इथे ओलेरों नावाच्या बेटावर मोरीस नावाचा एक कोंबडा होता. सुट्टीपुरतं घर घेतलेल्या शेजाऱ्यांनी त्याच्या आरवण्याविरुद्ध कोर्टात केस टाकली. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये कोर्टाने कोंबड्याच्या मालकिणीच्या बाजूने निकाल दिला, शेजाऱ्यांनाच हजार युरो भरायला लावले. त्यानंतर २०२१ च्या जानेवारीत इथे कायदाच झाला की गावाकडचे आवाज आणि वास हा सुद्धा वारसा आहे. चर्चच्या घंटा, बेडूक, शेणाचा वास, कोंबडा. इथल्या खेड्यांमध्येही तरुण शहरात गेले, घरं सुट्टीवाल्यांनी घेतली, भाव स्थानिकांच्या हाताबाहेर गेले. वाचताना मला सारखं माझं गाव दिसत होतं. काकींना सांगा, कोंबडा ठेवा.

---

सड्याखालची_सून:

@तुलूझहून_मी काकींना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "थयल्या कोर्टाक कळता मगे हयल्यांका कित्या कळना नाय?" कोंबडा आहे, जाणार नाही कुठे.

---

गुहागरकर:

ताई, गणपती होऊन गेले, पुढे काय झालं? तारखेचं लक्षात आहे ना.

---

सड्याखालची_सून:

लक्षात आहे. सगळं सविस्तर लिहिते.

गणपतीला मुंबईचे सगळे आले होते, म्हणून पाचव्या दिवशी आरतीनंतर देवळात बसलो. तलाठी काकांनी लिहिलेलं सगळं मोठ्याने वाचलं. आधी भांडण झालं, कोणी विकलं, कोणी दलाली घेतली, ते होणारच होतं. रात्री बारा वाजेपर्यंत चाललं. मग आमच्या वाडीतले ते म्हातारे, ज्यांचं वाक्य मी वर लिहिलंय, ते उठले आणि घरी गेले. आम्हाला वाटलं रागावले. ते पत्र्याची पेटी घेऊन परत आले. त्यात त्यांच्या वडिलांचं १९६४ सालचं खरेदीखत, कागद घडीवर फाटलेला. चतुःसीमेत स्पष्ट लिहिलंय, "पूर्वेस देवळाकडे व सड्यावर जाणारी पाखाडी." मुलाने टॉर्च धरला आणि आम्ही सगळ्यांनी ती ओळ एकामागून एक वाचली. त्याची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयात मागितली आहे.

नमुना २३ ला पाखाडी नाही. पण पंधरा-सोळा वर्षांपूर्वी वरच्या पायऱ्यांना सिमेंट घातलं होतं, ते काम ग्रामपंचायतीकडून झालं होतं, त्याचं बिल ग्रामसेवकांना सापडलं. तलाठी काका, तुम्ही म्हणालात तसंच झालं.

ज्यांनी जमीन घेतली त्यांना पण भेटलो. बोलणं तापलं नाही. ते म्हणाले मला दलालाने सांगितलं ही पाखाडी मोडीत निघालीय, कोणी वापरत नाही. दिवसा गेट उघडं ठेवतो म्हणाले, आणि ठेवतायत सुद्धा, तिथला राखणदार सकाळी सहाला उघडतो. राखणदाराची बायको आता आमच्याबरोबर बावीवर येते, कारण आतल्या बोअरला लोखंडाचा वास येतो म्हणे. पण कमान काढायला तयार नाहीत, म्हणतात डिझाइनचा भाग आहे. आणि आज उघडं ठेवलेलं गेट उद्या जमीन दुसऱ्याला विकली की बंद होईल, म्हणून तहसीलदारांकडे लावलेला दावा मागे घ्यायचा नाही असं ठरलंय. ११ जण अर्जदार आहेत, सगळे सड्यावरच्या बागांचे मालक, गट नंबर घालून. थोरल्या भावाने, ज्याने विकली त्याने, स्वतः लिहून दिलंय की पाखाडी आमच्या आजोबांच्या आधीपासून वाहती होती.

---

निवृत्त_तलाठी:

उत्तम. स्थळपाहणीला मंडळ अधिकारी येतील तेव्हा म्हाताऱ्या माणसांना हजर ठेवा, आणि पाखाडी खालपासून वरपर्यंत सगळ्यांनी मिळून चालून दाखवा. पायऱ्यांची झीज दाखवा, तो कळशीचा चिरा दाखवा. पंचनाम्यात त्याची नोंद घ्यायला सांगा, सही करण्याआधी पूर्ण वाचा.

---

सड्याखालची_सून:

हो काका. पाहणी सोमवारी सकाळी दहाला आहे, पाखाडीच्या पायथ्याशी जमायचं. गावातले जे वाचत असतील त्यांच्यासाठी, जबाबावर अजून सहा जणांच्या सह्या राहिल्यात, रविवारी संध्याकाळी शाळेत या, आधारची झेरॉक्स आणि जमिनीचा आठ-अ उतारा घेऊन. लालबागचे देवगडकर दादा, तुमचं गाव आमच्या शेजारचंच दिसतंय, जमलं तर तुम्हीही या.

---

लालबागचा_देवगडकर:

येतो. शनिवारची तुतारी एक्सप्रेस मिळाली तर बघतो, नाहीतर एसटीने. काकूंनाही घेऊन येईन, त्यांनी ती पाखाडी चढलेली आहे.